छत्रीचं वाक्य

अंधारात सगळ्यांत पहिला हात माझा वर गेला. चांगला ताठ, कोपरात न वाकवता. पडद्यावर मीच होते, खाली खुर्चीतही मीच होते, आणि पडद्यावरची मी गप्प बसून भिंतीकडे बघत होते. माझ्यामागोमाग पुढच्या रांगेत एक हात वर झाला, मग डावीकडे दोन, मग मागे खुर्च्या करकरल्या आणि बघते तर निम्मी खोली हात वर करून बसलेली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, एवढ्या परक्या पोरांना कळलं. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, पण अंधार होता, आणि अंधारात मी काय करते ते माझं मी बघते. मग पडद्यावरची मी मान वळवून पुन्हा शिवणाच्या मशीनवर वाकले, सगळे हात खाली गेले, आणि माझ्या शेजारची नाकात रिंग घातलेली मुलगी पलीकडचीला कुजबुजली, "हा तुकडा फारच बोअर आहे गं. आजींनाही झेपला नाही बघ."

हात खाली घ्यायचा माझाच राहिला होता. तो मी केसांवरून फिरवला आणि मांडीवर ठेवला, जणू केस सारखे करायलाच वर नेला होता.

माझी नात सिनेमाचं शिकते. उंचीने बापाच्या कानाला लागते, पण घरात तिचं नाव बुटकी ते बुटकीच. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक फिल्म करायची असते, ती तिने माझ्यावर केली. फिल्म झाली, आता तिची जाहिरात, म्हणजे ट्रेलर करायचा होता. त्यासाठी तिने ही युक्ती काढली होती: फिल्ममधले निवडक तुकडे एकापाठोपाठ एक लावून अनोळखी लोकांना दाखवायचे, आणि ज्याचं मन जिथे उडेल त्याने तिथे हात वर करायचा. तिची मैत्रीण कडेला उभी राहून हात मोजणार. जिथे हात जास्त, तो तुकडा बाद. हे सगळं तिने सुरुवातीला उभं राहून नीट समजावलं होतं म्हणे. समजावलं असेल. माझं लक्ष तेव्हा त्या खोलीच्या खिडकीकडे होतं. पडद्याची खालची पट्टी उसवून लोंबत होती, आणि वरच्या चुण्या अशा घातलेल्या की मधून उजेडाची फट. मी जन्मभर पडदे शिवले आहेत, घराच्याच पुढच्या खोलीत दुकान थाटून. ज्या घरात सिनेमा शिकवतात त्या घराला अंगभर पडदा नसावा, याचं मला इतकं नवल वाटत होतं की बुटकीचं बोलणं मला एवढंच ऐकू आलं, "तिथे हात वर करा." आणि हात वर करणं म्हणजे काय हे मला एकाच ठिकाणी शिकवलं आहे. मी शाळेत गेले ती थोडीथोडकी, आणि बसायला जागा मागे. बाई प्रश्न विचारायच्या, पुढच्या मुलींचे हात वर जायचे. ज्याला येतं त्याने हात वर करायचा. मला कधी येत होतं, कधी नव्हतं, पण येत असलं तरी तिथपर्यंत बाईंची नजर यायची नाही, आणि पुढे शाळाच सुटली. त्या दिवशी पडद्यावर तो तुकडा आला आणि इतक्या वर्षांनी मला येत असलेला प्रश्न समोर आला. हे मला येतं. हे माझ्याइतकं इथे कुणालाच येत नाही.

तो तुकडा असा होता. मी मशीनवर बसले आहे, बुटकीचा आवाज बाहेरून विचारतो, "आजी, मोठ्या काकांची आठवण येते?" मी कापड न थांबवता म्हणते, "आठवण कसली मेली. जाताना माझी छत्री घेऊन गेला. तेवढी परत पाठव म्हणावं." इथे कॅमेऱ्यामागची तिची मैत्रीण फिसकन हसते, तेही ऐकू येतं. आणि मग मशीन थांबतं. मी समोरच्या भिंतीकडे बघते. भिंतीवर एक खुंटी आहे, तिला काही टांगलेलं नाही. मी बघत राहते. बाहेरून एक गाडी जाते. मी बघतच राहते.

माणसाला वाटेल, म्हातारी भानावर नव्हती. मी पुरती भानावर होते. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू आहे हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. मी मुद्दाम बसले. फिल्मला मी हो म्हटलं तेच मुळी त्यासाठी. बुटकी समजते की तिच्या लाडीगोडीने मी विरघळले. "आजी, दुकान म्हणजे तूच, तुझ्याशिवाय फिल्म होईल का," वगैरे. मी विरघळणाऱ्यांतली नाही. पण त्याच्या आदल्या आठवड्यात जेवताना धाकट्याने, म्हणजे तिच्या बापाने, विचारलं होतं, "एवढा खटाटोप, पण ही फिल्म बघणार कोण?" बुटकी म्हणाली, "फिल्म कोणी बघो न बघो, ट्रेलर सगळे बघतात. फोनवर एका मिनिटाचं काम. मोठ्या काकांनाही पाठवणार." सुनेने हळूच माझ्याकडे बघितलं. मी डाव उचलून स्वतःला वाढून घेतलं आणि विचारलं, "मीठ कुणी घातलं यात, की घालायचंच राहिलं?"

माझा थोरला, म्हणजे तिचा मोठा काका, घर सोडून गेला तेव्हा बुटकी रांगत होती. त्याला हे दुकान मोडून मोठ्या रस्त्यावर तयार पडद्यांचं दुकान काढायचं होतं, काचेचं दार, आत थंड हवा, शिवणारं कुणी नाही. त्यावरून आमची जुंपली ती गिऱ्हाइकांसमोर. मी काय बोलले ते इथे परत उगाळत नाही. जे बोलले ते आजही बोलेन, हवं तर ती गिऱ्हाइकं बोलवा. त्याने उलट उत्तर दिलं नाही. पिशवी घेतली, बायकोला खाली रिक्षात बसायला सांगितलं, दारापर्यंत गेला. बाहेर पाऊस होता. तो थांबला, दोन पावलं मागे आला आणि खुंटीवरची माझी छत्री काढून घेतली. काळी, लाकडी मुठीची. मुठीला चीर गेली होती म्हणून मी तिला तपकिरी गोंडेदार दोरी गुंडाळली होती, एका नाट्यगृहाच्या पडद्याच्या कामातून उरलेली. घरात दुसऱ्याही छत्र्या होत्या. धाकट्याची दाराशीच होती, नवी. त्याने माझी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही, विचारलं नाही, घेतली आणि जिना उतरला.

त्यावर मी इतकी वर्षं काढली, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण कायमचं जाणारा माणूस दुसऱ्याची वस्तू नेत नाही. त्याला परत आणून देण्याची कटकट नको असते. जो नेतो त्याला यायचं असतं. तो दूरदेशी गेला, तिथे स्थिरावला, धाकट्याला अधूनमधून फोन करतो, विचारतो, "सगळे बरे आहेत ना?" त्या सगळ्यांत मी असते. मी फोन मागत नाही, तो देत नाही. पण खुंटीला मी कुणाला काही अडकवू दिलेलं नाही. एकदा सुनेने भाजीची पिशवी अडकवली होती, ती मी काढून तिच्या हातात दिली. ती बिचारी म्हणाली, "अहो आई, रिकामीच तर आहे." मी म्हटलं, "रिकामी राहू दे. घरात सगळंच भरलेलं हवं का?" आणि मशीन. मशीन त्या खुंटीसमोर आहे, भिंतीच्या सावलीत. खिडकीजवळ उजेड चांगला. धाकटा, सून, डोळ्यांचा डॉक्टर, सगळ्यांनी सांगून झालं. "आई, सरकवतो ना मी. दोन माणसांचं काम आहे." मी म्हणते, बसले आहे तिथे बरी आहे, मशीनला पाय फुटले की आपणच जाईल ते.

आता गप्प बसण्याचं. माझ्या तोंडाला थारा नाही, हे मला लग्नाआधीपासून ऐकवलं गेलं आहे. मी भांडताना बोलते, शिवताना बोलते, झोपेतही बोलते म्हणे. पण थोरला लहानपणी तापाने फणफणायचा तेव्हा माझी वाचा जायची. त्याच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवायची, बदलायची, शब्द नाही. तो डोळे न उघडता म्हणायचा, "आई, ओरड ना." मी ओरडले की तो बरा होणार असायचा. मी गप्प म्हणजे काहीतरी खरं आहे, हे जगात त्या एकट्याला ठाऊक आहे. त्याच्या बापालासुद्धा ते जन्मात कळलं नाही. त्यांना मी गप्प बसले की बरं वाटायचं. तर त्याला काही सांगायचं तर ते तोंडाने सांगून चालणार नव्हतं. तोंडाने मी काय ते छत्रीचं बोलले, ते तोंडाचं झालं. नंतरचं त्याच्यासाठी होतं. एवढं मशीन बंद, एवढी खुंटी, एवढी मी. तो बघेल आणि त्याला कळेल, असं मी धरून चालले होते. आणि तेच मी स्वतःच्या हाताने बाद केलं. हात वर करून. सगळ्यांच्या आधी.

दिवे लागले तेव्हा कडेची मैत्रीण म्हणाली, "सगळ्यांत जास्त हात भिंतीच्या तुकड्याला." बुटकीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "का पण? सांगा ना." एक दाढीवाला उठला. दाढी अशी की बोलताना ओठ शोधावे लागत होते. तो म्हणाला, "छत्रीचं वाक्य भन्नाट आहे. तिथेच कापा. पुढे हवाच जाते." नाकातल्या रिंगेची म्हणाली, "मला वाटलं व्हिडिओ अडकला." सगळे हसले. बुटकी त्यांच्या सरांकडे वळली, "सर, पण मला तोच तुकडा शेवटी ठेवायचा होता. मी अख्खा ट्रेलर तिथे नेऊन थांबवणार होते." सर खिडकीला टेकून उभे होते, त्या उसवलेल्या पडद्याला खांदा लावून. म्हणाले, "तू त्या तुकड्याच्या प्रेमात पडली आहेस. तोंड खोटं बोलेल, हात खोटं बोलत नाहीत. आणि कुणाचं सोड, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांचाच हात पहिला होता. मी बघत होतो." एकेक मान माझ्याकडे वळली. बुटकी मधल्या वाटेने येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, तुला कंटाळा आला?"

मला ती शाळेची खोली आठवली. बाईंनी शेवटी कधीतरी मागच्या बाकाकडे बघावं आणि तेव्हा नेमकं आपलं उत्तर चुकलेलं असावं. माझ्या आजूबाजूला सगळी शिकलेली पोरं, प्रत्येकाला नियम समजलेला, आणि एक मी. मी पदर नीट केला. म्हटलं, "मग काय तर. मला माझी भिंत रोज फुकट दिसते, ती बघायला इथवर कशाला यायचं?" जे हसले ते हसले, वर टाळ्या. दाढीवाला म्हणाला, "हे घ्या ट्रेलरमध्ये." सर मान हलवत हसले. बुटकीही हसली, पण अर्धी. तिचं हसणं मी ओळखते, ते माझ्याकडून गेलेलं आहे.

घरी येताना तिने माझा दंड धरला होता. रस्ता खणून ठेवलेला, फळ्यांवरून चालावं लागत होतं. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "आजी, खरं सांग. खरंच कंटाळा आला? कारण मला तो तुकडा आवडतो. का ते सांगता येत नाही, पण आवडतो. तू एकदा म्हण, मी ठेवते. सर गेले उडत." एका वाक्याचं काम होतं. अगं, मला वाटलं, आवडलं की हात वर करायचा. एवढंच. ती तिथल्या तिथे मला मिठी मारून मोकळी झाली असती. पण मला पुढचं दिसलं. जेवताना ती हे रंगवून सांगणार. सून घास तोंडात धरून हसणार. धाकटा म्हणणार, आई, तुझंही ना. माझा पोपट झाला ही घरातली गोष्ट होऊन बसणार. आणि तेही गिळलं असतं, पण बुटकी तिथे थांबणारी नाही. ती विचारणार, मग तुला तो तुकडा का आवडला? त्या प्रश्नाला मी फळीवर उभी राहून काय उत्तर देणार होते? मी म्हटलं, "लोकांना विचारायला बोलावलंस ना? मग लोक म्हणतात ते कर. नाहीतर बोलावायचं नव्हतंस." ती म्हणाली, "तू म्हणजे ना, आजी." मी म्हटलं, "पुढे बघ, फळी हलते आहे."

ट्रेलर तिने आठवडाभराने घरच्या टीव्हीवर लावला. सून हात पुसत आली, धाकटा चष्मा शोधत बसला. टुणटुण वाजणारं काहीतरी संगीत, त्यावर मी. मी गिऱ्हाइकाला झापते आहे, मी सुनेने केलेल्या चहाला नाव ठेवते आहे, मी कात्री हलवत म्हणते आहे, "माप चुकलं तर कापड रडत नाही, मी रडवते." एकेका वाक्याला घर हसत होतं. एवढी मी बोलते हे मलाही माहीत नव्हतं. त्या बाईकडे बघून मला वाटलं, हिच्या घरात राहायचं म्हणजे कठीण आहे. शेवटी बुटकीचा आवाज, "मोठ्या काकांची आठवण येते?" आणि ती बाई, "आठवण कसली मेली. जाताना माझी छत्री घेऊन गेला. तेवढी परत पाठव म्हणावं." मैत्रिणीचं फिसकन हसणं. संगीताचा एक ठोका, काळा पडदा, फिल्मचं नाव. भिंत गेली, खुंटी गेली, थांबलेलं मशीन गेलं. वाक्य तेवढं राहिलं, धुऊन वाळत घातल्यासारखं, एकटं. सून हसता हसता म्हणाली, "अहो आई, तुम्ही तर हिरॉइन झालात." मी म्हटलं, "उशीर झाला जरा. दात असताना कुणी विचारलं नाही."

बुटकीने तो तिथे बसल्या बसल्या सगळ्यांना पाठवला. थोड्या वेळाने फोन वाजला तशी म्हणाली, "काकांनी बघितला." धाकट्याने विचारलं, "काय म्हणाला?" तिने फोन वळवून दाखवला. एक अंगठा होता, वर केलेला. नुसता अंगठा, खाली अक्षर नाही. मी माझा चष्मा मागितला नाही. एवढं चष्म्याशिवाय दिसतं.

मग ते वाक्य रस्त्यावर आलं. औषधवाला गोळ्या बांधताना म्हणायचा, "आजी, छत्री आली का?" समोरच्या इमारतीतली नवी सून, जिचं माझं कधी बोलणं नाही, जिन्यातून ओरडायची, "आजी, ऊन आहे, छत्री?" मी प्रत्येकाला काहीतरी ठोकून देत होते. औषधवाल्याला म्हटलं, "आली की तुझ्याच डोक्यावर धरीन." तो खूश. लोक दुकानात यायला लागले, पडदे शिवायला कमी, माझं तोंड ऐकायला जास्त. बुटकीच्या कॉलेजात ट्रेलरचं कौतुक झालं. सर म्हणाले, बघ, हातांचं ऐकलंस म्हणून. मी मशीनवर बसून समोर बघायचे आणि मनात त्याचा फोन धरलेला हात बघायचे. त्याचं घर मी पाहिलेलं नाही, म्हणून हातच दिसायचा. एक मिनिट त्याने मला बघितलं असेल. झापणारी, टोमणे मारणारी, गिऱ्हाइकांसमोर कात्री नाचवणारी. सोडून गेला तेव्हा होती तश्शी, जरा सुरकुतलेली. त्याला वाटलं असेल, चला, मी बरोबर केलं. आणि शेवटी आईने काय मागितलं, तर छत्री.

पार्सल आलं ते दुपारी. धाकट्याने वर आणलं, लांब, अरुंद खोका, वर परदेशी शिक्के. त्याने तो मशीनशेजारच्या कापायच्या टेबलावर ठेवला आणि बाजूला झाला. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. बुटकी आतून धावत आली, "थांब आजी, फोडू नकोस, कॅमेरा आणते." कुणी तिला नको म्हटलं नाही. तिने लाल दिवा लावला. मी कात्रीने चिकटपट्टी कापली. आत कागदात गुंडाळलेली, काळी, लाकडी मुठीची. मला वाटलं होतं, नवी घेऊन पाठवली असेल. नवी असती तर मी शिव्या घातल्या असत्या, आणि शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझीच होती. कापड नवं बसवलेलं होतं, दोन काड्या बदललेल्या. मुठीवरची माझी तपकिरी दोरी झिजून चपटी झाली होती, गोंडा उरला नव्हता, आणि जिथे ती तुटली असेल तिथे वरून दुसरी दोरी गुंडाळली होती, निळी, घट्ट, वेढ्याला वेढा लावून. गाठ आत दडवलेली. गाठ आत दडवायची मी त्याला शिकवलं होतं. म्हणजे एवढी वर्षं ती त्याच्याकडे होती. पडून नव्हती, हातात होती. त्या परक्या गावच्या पावसात तो रोज ही धरून हिंडत होता, मोडली की दुरुस्त करत होता, टाकत नव्हता. आणि मी मागितली म्हणून दिली.

धाकटा म्हणाला, "खोक्यात चिठ्ठी आहे का बघ." मी बघितलं नाही. मला माहीत होतं. तरी त्याने खोका उलटा करून झटकला. कागदाचा चुरा पडला.

"आजी, काहीतरी बोल ना," बुटकी कॅमेऱ्यामागून म्हणाली.

"काय बोलू? पोचली."

तिने कॅमेरा जरा जवळ आणला. मग हळू आवाजात म्हणाली, "मग नुसती बघ. तेव्हा खुंटीकडे बघितलं होतंस ना, तसं."

म्हणजे तिला दिसलं होतं. खुंटी दिसली होती, मी कशाकडे बघत होते ते दिसलं होतं, आणि तरी तिने मला विचारलं, लोकांना विचारलं, हात मोजले. मी उठले. छत्री खुंटीला अडकवली. ती थोडी हलली आणि लोंबत राहिली, जशी कुठल्याही घरात लोंबते. सुनेने पदर तोंडाला लावला होता. बुटकीचा लाल दिवा अजून चालू होता, ती माझ्या चेहऱ्यावर काही येतं का त्याची वाट बघत होती.

मी धाकट्याकडे वळले.

"हे मशीन खिडकीशी सरकव," मी म्हटलं. "इथे उजेड पुरत नाही."